तेलबियांच्या फुलांतील मकरंद आणि त्याची वेळ



खेड्यातील शाळेत निसर्गपाठ घ्यावयाचा म्हटले की साहित्याची उणीव प्रथम पुढे येते. सूक्ष्मदर्शक यंत्र नाही, काचेची उपकरणे नाहीत, तक्ते आहेत तेही जुने झालेले. अशा स्थितीत मुलांना काय दाखवावे, असा प्रश्न शिक्षकास पडणे साहजिक आहे. परंतु ज्या शाळेच्या चारी बाजूंस शेते पसरलेली आहेत, त्या शाळेला एका विषयापुरती तरी ही उणीव भासण्याचे कारण नाही. तो विषय म्हणजे तेलबियांच्या फुलांत तयार होणारा मकरंद. तो पाहावयास एक साधे भिंग, एक घड्याळ आणि सकाळी थोडे लवकर उठण्याची तयारी एवढे पुरते. शिवाय हा विषय केवळ कुतूहलाचा नाही. मकरंद फुलात कोणत्या वेळी येतो हे ज्या घरात माहीत असते, त्या घरातील पिकाला दाणा भरण्याची आशा अधिक असते. या व्याख्यानात प्रामुख्याने सांगावयाचे आहे ते हेच.

वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे स्थान संत सेवालाल महाराजांच्या समाधीमुळे बंजारा समाजाचे मोठे तीर्थक्षेत्र मानले जाते. रामनवमीच्या यात्रेस दूरदूरच्या तांड्यांतून येथे लोक लोटतात. यात्रेकरूंना दिसते ते चैत्रातील रिकामे, तापलेले शिवार. खरिपाची तेलबिया पिके निघून महिने लोटलेले असतात आणि रब्बीची करडई व जवसही खळ्यावरून घरात आलेली असते. या परिसरातील शिक्षकाला मात्र तेच शिवार श्रावणापासून माघापर्यंत फुललेले पाहावयास मिळते. म्हणून हा पाठ येथील शाळांनी घ्यावा हे योग्यच आहे.

मकरंद म्हणजे काय, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. पुष्कळ मुलांची समजूत अशी असते की फुलात मध असतो आणि मधमाशी तो उचलून पोळ्यात भरते. ही समजूत दुरुस्त करावयास हवी. फुलात मध नसतो. असतो तो मकरंद, म्हणजे साखरेचे पातळ पाणी. हिरवी पाने सूर्यप्रकाशात साखर तयार करतात. ही साखर झाडाच्या अन्नवाहिन्यांतून मुळांकडे, वाढत्या शेंड्यांकडे आणि दाण्यांकडे जाते. तिचा एक छोटासा वाटा फुलाच्या बुडाशी असलेल्या बारीक ग्रंथींकडे वळतो. या ग्रंथींतून तो रस थेंबाथेंबाने बाहेर पाझरतो. त्यात मुख्यतः उसाच्या साखरेच्या जातीची साखर, द्राक्षशर्करा आणि फलशर्करा असतात. मधमाशी हा रस आपल्या मधाशयात भरून नेते, त्यात स्वतःचे पाचक द्रव्य मिसळते आणि पोळ्यात पंखांनी वारा घालून त्यातील पाणी उडविते. शंभर भागांत सुमारे वीस भाग किंवा त्याहून कमी पाणी उरले म्हणजे त्याचा मध होतो.

झाडाने मोठ्या कष्टाने केलेली साखर अशी बाहेर का टाकावी? या प्रश्नाचे उत्तर जगापुढे प्रथम स्पष्टपणे मांडणारा मनुष्य एक शाळामास्तरच होता, ही गोष्ट शिक्षकांना विशेष वाटेल. जर्मनीतील बर्लिनजवळच्या श्पांडाउ गावी ख्रिश्चन कोनराड श्प्रेंगेल हा एका शाळेचा मुख्याध्यापक होता. १७८७ साली एक रानफूल पाहत असता त्याच्या पाकळ्यांच्या बुडाशी असलेली बारीक लव त्याच्या नजरेस पडली. निसर्गाने एक केसही निरर्थक निर्माण केला नसावा, अशा विचाराने त्याने शोध चालविला आणि ती लव खालच्या मकरंदाचे पावसापासून रक्षण करते, असे त्याला दिसून आले. पुढे शेकडो फुले पाहून त्याने दाखविले की मकरंद कीटकांसाठी असतो आणि तो घेताना कीटक नकळत एका फुलाचे पराग दुसऱ्या फुलावर नेऊन पोचवितात. त्याचा ग्रंथ १७९३ साली प्रसिद्ध झाला. परंतु त्याच्या हयातीत त्याची फारशी कदर झाली नाही. अर्ध्या शतकानंतर चार्ल्स डार्विनने तो ग्रंथ वाचला व त्याचे महत्त्व ओळखले. थोडक्यात, मकरंद ही झाडाने कीटकाला दिलेली मजुरी होय. पराग वाहून नेण्याचे काम त्या मजुरीवर होते.

मजुरी म्हटली की तिची वेळ आली. मकरंद दिवसभर सारखा पाझरत नाही. बहुतेक तेलबियांच्या फुलांत तो सकाळी अधिक असतो. पहाटेच्या दमट हवेत तो पातळ असतो. ऊन चढू लागले की त्यातील पाणी उडून तो दाट होतो, आणि भर दुपारी पुष्कळदा फूल कोरडे पडते. जमिनीत ओल नसली तर रस कमी सुटतो. आकाश अनेक दिवस अभ्राच्छादित राहिले तर पाने साखरच कमी करतात. जोराचा पाऊस उघड्या फुलांतील मकरंद धुऊन नेतो. एकदा परागण झाले की पुष्कळ फुलांत रस पाझरणे थांबते. काही झाडे तर न उचललेला मकरंद पुन्हा शोषून घेतात. झाडाच्या या काटकसरीचे मुलांना मोठे नवल वाटते.

मधमाश्यांनाही ही वेळ कळते. १९२९ साली जर्मनीत इंगेबोर्ग बेलिंग या संशोधिकेने खुणा केलेल्या माश्यांना ठरलेल्या वेळी साखरेचे पाणी देऊन पाहिले. काही दिवसांनी वाटी रिकामी ठेवली तरी त्या माश्या त्याच वेळी हजर होत. ज्या कार्ल फॉन फ्रिश या शास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली हे काम झाले, त्याने पुढे माश्यांच्या नृत्याची भाषा उलगडली व त्यास १९७३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. फुलाचे घड्याळ आणि माशीचे घड्याळ असे एकमेकांशी जुळलेले असते. ते बिघडविण्याचे सामर्थ्य तिसऱ्याच एकाच्या हाती आहे. त्याचा विचार पुढे येईलच.

आता एकेक पीक घेऊ या. तिळाचे फूल सूर्योदयाच्या सुमारास उमलते आणि त्याची नळीसारखी पाकळी संध्याकाळपर्यंत गळून पडते. या फुलात माशी पूर्ण आत शिरते आणि बाहेर येते तेव्हा तिच्या पाठीवर परागांची पांढुरकी भुकटी दिसते. तिळाचे पुष्कळसे परागण त्याच फुलात होते. तरीही माश्यांच्या येण्याजाण्याने काही पराग दुसऱ्या झाडांपर्यंत पोचतात. तिळाची आणखी एक गंमत मुलांना अवश्य दाखवावी. फुलाच्या देठाच्या बुडाशी बारीक पिवळसर गाठी असतात. या मूळच्या वाढ खुंटलेल्या कळ्याच असून त्यांतूनही गोड रस पाझरतो. तो घेण्यासाठी तेथे मुंग्या येतात. भिंगातून ही गाठ पाहिली की मकरंद केवळ फुलातच असतो ही समजूत मुले आपण होऊन सोडतात.

कारळ, ज्याला काही भागांत खुरासणी म्हणतात, ते डोंगरउताराच्या हलक्या जमिनीचे पीक. त्याची पिवळी फुले पावसाळ्याच्या अखेरीस शेत झाकून टाकतात. कारळाचा विशेष असा की त्याच्या फुलाला त्याच झाडाचा पराग सहसा चालत नाही. दुसऱ्या झाडाचा पराग आला तरच दाणा धरतो, आणि तो आणण्याचे काम कीटकच करतात. मजुरीवाचून काम अडते याचे याहून स्पष्ट उदाहरण तेलबियांत क्वचितच सापडेल.

सूर्यफूल हे त्या मानाने नवे पीक. भारतात त्याची व्यापारी लागवड १९६९ साली रशियातून आणलेल्या वाणांपासून सुरू झाली, आणि १९८० साली बीएसएच-१ हा पहिला भारतीय संकरित वाण बाहेर पडला. ज्याला एक फूल म्हणतात ते वास्तविक शेकडो फुलांचे तबक असते. कडेच्या पिवळ्या जिभा केवळ निशाणासारख्या. त्यांना दाणा येत नाही. दाणे धरतात ते मधल्या बारीक नळीफुलांना. ही नळीफुले कडेकडून मध्याकडे रोज काही ओळींनी उमलतात आणि सर्व तबक उमलावयास आठवडाभर किंवा थोडे कमीअधिक दिवस लागतात. प्रत्येक नळीफूल पहिल्या दिवशी पराग देते व दुसऱ्या दिवशी त्याचे किंजल्क बाहेर येऊन पराग घेण्यास सिद्ध होते. मकरंद त्याच्या तळाशी असतो. माशी या ओळींवरून फिरली नाही तर तबकात पोचट दाणे राहतात. म्हणूनच कृषितज्ज्ञ हेक्टरी चारपाच मधपेट्या ठेवण्याचा सल्ला देतात, आणि माश्या नसतील तर सकाळी हाताला तलम कापड गुंडाळून ते तबकांवरून हळुवार फिरवावयास सांगतात. माशी जे काम मकरंदाच्या एका थेंबावर करते, त्यासाठी मग माणसाला रोजंदारी द्यावी लागते.

रब्बीतील करडईच्या काटेरी बोंडातही अशीच अनेक नळीफुले असतात. ती सकाळी उमलतात, पिवळी असतात व सुकताना नारिंगी-तांबडी होतात. करडई बहुतांशी स्वतःच्याच परागाने फळते. तथापि माश्यांची ये-जा असेल तर दाणे चांगले भरण्यास मदत होते. तिचे मोल आणखी एका कारणाने मोठे आहे. हिवाळ्याच्या अखेरीस शिवारात फुले विरळ होतात, तेव्हा करडई माश्यांना मकरंद व पराग दोन्ही देते. जवसाचे निळे फूल सकाळी उघडते आणि दुपारपर्यंत पाकळ्या टाकून मोकळे होते. पुंकेसरांच्या बुडाशी त्याच्या पाच बारीक मधुग्रंथी असतात. मोहरीच्या फुलात चार ग्रंथी दिसतात; परंतु खरा रस देतात त्या दोनच, आखूड पुंकेसरांच्या बुडाशी असलेल्या. माशी सोंड नेमकी कोठे घालते हे पाहून मुलांना त्या दोन ओळखता येतात.

याउलट एरंडीचे उदाहरण घ्यावे. एरंडीचे परागण वाऱ्याने होते, म्हणून तिच्या फुलात मकरंद नाही. मात्र तिच्या पानाच्या देठावर रसाच्या गाठी असतात आणि मुंग्या त्यांच्याभोवती फिरत राहतात. भुईमुगाचे पिवळे फूल सकाळी उमलून त्याच दिवशी कोमेजते व स्वतःच्याच परागाने फळते. नंतर त्याची आरी जमिनीत शिरते. सोयाबीनचे बारीक जांभळे किंवा पांढरे फूल उघडण्यापूर्वीच बहुधा फळून गेलेले असते. तरीही त्याच्या तळाशी मकरंद असतो आणि माश्या त्यावर येतात. एकाच गटातील पिकांत इतकी भिन्नता असते, हे मुलांनी स्वतः पाहिले म्हणजे पाठांतराची गरज उरत नाही.

येथवर जे सांगितले ते निसर्गाचे झाले. आता शिवारात झालेला बदल पाहावयास हवा. वाशीम जिल्हा आज सोयाबीनच्या प्रमुख जिल्ह्यांपैकी एक आहे. या पिकाने शेतकऱ्याच्या हाती लवकर पैसा दिला, हे नाकारता येणार नाही. पण त्याच्या मागोमाग तीळ, कारळ, जवस व करडई यांचे क्षेत्र आक्रसत गेले. पूर्वी ज्वारीच्या कडेने गुरांना अडविण्यासाठी काटेरी करडईचे तास असत, गव्हाहरभऱ्याच्या बांधाला जवसाच्या ओळी असत. या किरकोळ वाटणाऱ्या ओळी माश्यांच्या दृष्टीने मोठ्या मोलाच्या होत्या. सोयाबीन फुलते ते थोडे दिवस. पुढे गहू आला तर त्यात मकरंद नाही, आणि हरभऱ्यावर माशीला फारसे काही मिळत नाही. मग तिला तग धरावा लागतो तो उन्हाळ्यातील कडुनिंब, करंज, जांभूळ व चिंच या झाडांचा मोहोर येईपर्यंत. साखळीतील मधली कडी तुटली की पोळी ओस पडतात, आणि पुढच्या वर्षी सूर्यफुलाला, कारळाला, वेलवर्गीय भाज्यांना माशी मिळत नाही.

दुसरी गोष्ट फवारणीची. ऑगस्ट-सप्टेंबरात, पीक फुलावर असतानाच, अळी व भुंगा यांसाठी औषध मारले जाते आणि तेही सोयीची वेळ म्हणून सकाळी. नेमकी हीच वेळ मकरंदाची असते. पाण्यात मिसळलेले विष फुलावर पडते, माशी तेथेच मरते किंवा ते घेऊन पोळ्यात जाते. फुलोऱ्यात शक्यतो फवारणी टाळावी, आणि ती करणे अपरिहार्यच असेल तर ऊन उतरल्यावर, माश्या परतल्यानंतर करावी, एवढा एक बदल शेतकऱ्याने केला तर त्याचा खर्च एका पैशानेही वाढत नाही. फवारणीचे विष माणसालाही सोडत नाही. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना झालेल्या विषबाधेने शेतकऱ्यांचे व शेतमजुरांचे बळी गेले. तेव्हा हा उपदेश करताना तोंडाला फडके, अंगभर कपडे व वाऱ्याची दिशा यांचीही आठवण द्यावी.

शिक्षकाने हे प्रत्यक्ष कसे घडवावे? शाळेच्या परसबागेत प्रत्येक पिकाची एकेक ओळ पुरे. जूनअखेर ते जुलैत तीळ, कारळ व सूर्यफूल. ऑक्टोबरात करडई, जवस व मोहरी. बियाणे मूठभर लागते आणि ते पालकांकडून सहज मिळते. फुलोरा आला की चार मुलांचा एक गट करावा. एका गटाने ठरलेल्या दहा फुलांवर सकाळी सात, नऊ, अकरा, एक व तीन वाजता प्रत्येकी पाच मिनिटे किती माश्या आल्या ते मोजावे व फळ्यावर मांडावे. त्याच आकड्यांवरून गणिताच्या तासाला स्तंभालेख काढता येईल. दुसऱ्या गटाने तिळाच्या गाठी आणि एरंडीच्या देठावरील रस भिंगातून पाहून चित्र काढावे. तिसऱ्या गटाने सूर्यफुलाचे एक तबक उमलण्यापूर्वी तलम कापडाच्या पिशवीने झाकावे व दुसरे उघडे ठेवावे. पीक तयार झाल्यावर दोहोंतील शंभर-शंभर दाणे फोडून भरलेले किती, पोचट किती हे मोजावे. काही नवे संकरित वाण स्वतःच्या परागानेही बरेच फळतात. तेव्हा फरक कमी आला तर मुलांना खोटे आकडे लिहू देऊ नये. आला तोच आकडा मांडणे हेच शास्त्राचे पहिले वळण आहे.

माश्या ओळखण्याचा पाठही याच वेळी व्हावा. मोठी आग्या, पोकळीत राहणारी सातेरी, झुडपावर एकच लहान पोळे करणारी फुलोरी आणि डंख नसलेली इवलीशी पोया, या येथील चार माश्या मुलांना फुलावरच दाखवाव्यात. पोळ्याजवळ मात्र कोणासही जाऊ देऊ नये. आग्या माशीच्या बाबतीत तर मुळीच नाही. फवारलेल्या शेतात मुलांना नेऊ नये आणि कोणत्याही फुलाचा रस चाखू देऊ नये. ज्या शिक्षकास मधपेटीची अधिक माहिती हवी असेल, त्याने पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेकडे विचारणा करावी. ही संस्था १९६२ पासून हे काम करीत आली आहे.

पोहरादेवीच्या परिसरातील शाळांसाठी दोन गोष्टी विशेष ध्यानी घ्याव्या लागतील. तांड्यांवरील काही कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीस जातात आणि त्यांच्याबरोबर मुलेही जातात. करडई फुलते तेव्हा ही मुले वर्गात नसतात. म्हणून मुख्य पाठ खरिपात, तीळ व कारळ फुलावर असतानाच पुरा करावा. म्हणजे कोणीही त्यास मुकणार नाही. जी मुले परत येतील त्यांच्यासाठी मागे राहिलेल्यांनी करडईची वही लिहून ठेवावी व ती त्यांना वाचून दाखवावी. दुसरी गोष्ट भाषेची. बंजारा मुलांच्या घरी गोरबोली बोलली जाते. तीळ, माशी, मध, काटा यांना त्या बोलीत काय म्हणतात हे मुलांनाच विचारावे आणि ती नावे मराठी नावांशेजारी फळ्यावर लिहावी. ज्या मुलाच्या घरचा शब्द फळ्यावर येतो, ते मूल दुसऱ्या दिवशी प्रश्न विचारावयास धजते, हा अनुभवी शिक्षकांच्या परिचयाचाच अनुभव आहे.

या पाठाचे फळ परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत शोधू नये. सकाळी नऊच्या सुमारास पाठीवर पंप अडकवून निघालेल्या वडिलांना जर चौथीतील मुलगी म्हणाली, “बाबा, आत्ता फुलांत माश्या आहेत, संध्याकाळी फवारा ना,” आणि वडिलांनी पंप खाली ठेवला, तर तो पाठ यशस्वी झाला असे समजावे. पुढील हंगामात त्याच घराने बांधावर करडईचे चार तास किंवा तिळाची एक पट्टी पेरली, तर शिक्षकाच्या श्रमाचे चीज झाले. प्रत्येक शाळेने या वर्षी एवढा एकच पाठ मनापासून घ्यावा आणि मुलांच्या नोंदींची वही केंद्रशाळेच्या बैठकीस आणून इतर शाळांच्या वह्यांशी ताडून पाहावी, ही विनंती.